मॅडम विहिरीत आहेत

शिक्षकांना उन्हाळ्यात दीड महिना सुट्टी असते, ही गोष्ट शिक्षक सोडून सगळ्या जगाला पक्की ठाऊक आहे. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी घरी निघाले, तर कोपऱ्यावरचे किराणावाले भाऊ म्हणाले, "तुमचं बरंय मॅडम, आता नुस्ता आराम. आमच्या नशिबात कुठली सुट्टी?" हा गृहस्थ बारा महिने दुपारी शटर अर्धं ओढून तांदळाच्या कट्ट्यांवर तीन तास झोपतो. मी म्हटलं, "व्हय भाऊ, लई हाल तुमचे."

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवते. या एकोणीस वर्षांत मी एकोणीस उन्हाळी सुट्ट्या उपभोगल्या म्हणे. कधी मतदार याद्या घेऊन दारोदार फिरत, कधी प्रशिक्षणाला बसून दुसऱ्या बाईंचं भरतकाम बघत, आणि उरलेल्या दिवसांत कुरडयांचा चीक हाटत. या वर्षी मात्र मी ठरवलं, आराम करायचा. मुलगी नांदेडला डॉक्टरकीच्या क्लासला आहे. तिथं सुट्टी हा शब्द उच्चारला तरी मार्क कापतात, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता. नवरा हिंगोलीत सरकारी कचेरीत. त्याला भात आणि अंडी उकडता येतात, म्हणजे तोही जगणार होता. मी दोन जाड कादंबऱ्या, एक पातळ गाऊन आणि डोळ्यांवर ठेवायची ती काळी पट्टी, एवढं पिशवीत भरलं आणि आखाडा बाळापूरच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं माहेरी जाऊन पोचले.

आईनं ओट्यावरूनच स्वागत केलं. "बरं झालं माय आलीस. तू आता मोकळीच हायेस."

मोकळी या शब्दाइतका घातकी शब्द मराठीत दुसरा नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या मोकळेपणाचं वाटप झालेलंसुद्धा होतं. सकाळी कुरडया, मग लोणच्याच्या कैऱ्या, पुढं पोत्यातली हळकुंडं निवडायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, हळद आणि केळी पिकवतो. तो रात्री जेवताना मोठ्या प्रेमानं म्हणाला, "तू काही करू नको. निस्ता आराम कर." आणि मी भारावून जायच्या आत त्यानं कागदांची एक जाड थप्पी माझ्या ताटाशेजारी ठेवली. "एवढे पीकविम्याचे फारम मोबाइलवर भरून दे. तुला तर येतंच की."

वहिनी काही बोलल्या नाहीत. वहिनी कधीच फारसं बोलत नसत. एकवीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हापासून आमच्या दोघींतलं संभाषण मुख्यतः "चहा टाकू का, ताई?" आणि "टाका" एवढंच होतं. भांडण नव्हतं, जिव्हाळाही नव्हता. त्यांची दोन्ही पोरं पुण्याला शिकायला गेल्यापासून त्या आणखीच गप्प झाल्या होत्या. घरात सगळे म्हणत, सून गुणाची आहे. आमच्याकडे जिचा आवाज येत नाही, ती गुणाची.

तिसऱ्या दिवशी आईनं वाकळा काढल्या. वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालून शिवलेली जाड गोधडी. कोरडी असते तेव्हाच ती दोन हातांनी उचलावी लागते, आणि ओली झाली की म्हैस. अशा अकरा वाकळा माझ्या आरामासाठी राखून ठेवलेल्या होत्या. वहिनी आणि मी बैलगाडीत टाकून त्या शेतातल्या विहिरीवर नेल्या.

आमची विहीर दगडानं बांधलेली, एका अंगाला पाण्यापर्यंत पायऱ्या. मे महिन्यात आसपासच्या विहिरी तळाला जातात, पण आमच्या शेताच्या वरून कॅनॉल जातो. नुकतीच पाण्याची पाळी सुटली होती आणि विहीर निम्म्याच्या वर भरलेली होती. आम्ही पायऱ्यांवर बसून वाकळा धोपटत होतो. चौथी की पाचवी वाकळ पिळताना माझ्या हातातून सुटली आणि पाण्यात गेली. आधी फुगून वर राहिली, मग एका कोपऱ्यानं हळूहळू खाली जायला लागली.

मी ओरडले. ओरडणं हे माझं शिक्षिका म्हणून मुख्य कौशल्य आहे.

 वहिनींनी पदर कमरेला खोचला, नेसूचा काष्टा मारला आणि सरळ उडी टाकली. पाणी मिटलं. मी नुसती बघत राहिले. माझी खात्री झाली की एका वाकळेपायी मी भावाचा संसार बुडवला. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीपाशी त्यांचं डोकं वर आलं. एका हातात वाकळेचं टोक, दुसऱ्या हातानं पाणी मागं सारत त्या सावकाश माझ्याकडं आल्या. धाप नाही, घाई नाही. जणू परसातून कोथिंबीर खुडून आणली.

"वहिनी, तुम्हाला पोहता येतं?"

"व्हय."

"आणि कधी बोलला नाहीत?"

त्यांनी केसांतलं पाणी निपटलं. "कोन इचारलं?"

मग त्या पायरीवर बसल्या आणि एकवीस वर्षांत बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या. माहेर नदीकाठचं. वडील धरणावर मासेमारीला जायचे, पाचही बहिणींना त्यांनी पाण्यात टाकूनच शिकवलं. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईनं बजावलं होतं की सासरी हे सांगू नको, पोरगी दांडगी म्हणतील. त्यांनी सांगितलं नाही. आणि आमच्या घराण्याचा मोठेपणा असा, की एकवीस वर्षांत कुणाला संशयही आला नाही. घरात पोहणारा म्हणून एकच माणूस प्रसिद्ध होता, दादा. लहानपणी तो काठावरून कसा सूर मारायचा, हे तो अजून पाहुण्यांना उभं राहून, हात करून दाखवतो.

त्या काळी मी याच पायऱ्यांवर बसून त्याचे कपडे राखायचे. मला पोहायचं होतं. पण पोरीच्या जातीला काय कॅनॉल पोहून नोकरीला जायचंय, असं घरात म्हणत. आता नोकरीला मी स्कूटीवरून जाते, ते सोडा.

मी म्हटलं, "वहिनी, मला शिकवा."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्रेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, पायरी उतरताना गुडघा धरणारी बाई. "उद्या दोन वाजता या," त्या म्हणाल्या. "गडीमाणसं झोपलेली असत्यात."

अशा रीतीनं माझी सुट्टी सुरू झाली.

आईला सांगणं भाग होतं. ती म्हणाली, "येड लागलं का? या वयात काहून?" मी म्हटलं, "आराम म्हणून." ती दिवसभर पुटपुटत होती. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही निघालो, तर छत्री आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन तीही मागून आली. विरोध होता, पण तो जवळून बघायचा होता.

त्या आठवड्यात शेतीला लाइट रात्रीची होती, तरी मोटार चुकूनही सुरू होऊ नये म्हणून वहिनींनी आधी तिच्या पेटीतले फ्यूज काढून पदरात बांधले. मग दोन रिकामे तेलाचे डबे झाकणं घट्ट करून माझ्या पाठीला दोरीनं आवळले. मी दादाची जुनी ट्रॅकपँट आणि त्याचाच एक टी-शर्ट घातला होता. आरशात पाहिलं नाही हे बरं केलं. दरवर्षी मी पाचवीच्या पोरांना भीती मनात असते, धाडस करा असं फळ्यासमोर उभी राहून सांगते. पाण्यात कमरेपर्यंत गेल्यावर कळलं की भीती मनात नसते, पोटात असते, आणि ती गार असते. मी पायरी सोडायला पहिल्या दिवशी तयारच झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी समोर पाण्यात उभ्या असल्यासारख्या तरंगत होत्या. मला इतकं कौतुक वाटत होतं आणि इतका रागही येत होता.

"ताई, पाण्याला धरू नका," त्या म्हणाल्या. "तुमी लई धरून राहिलात. सोडा."

वर खुर्चीवरून आई म्हणाली, "सोडू नको गं, मरशील."

दोन्ही मार्गदर्शकांचं ऐकता ऐकता चौथ्या दिवशी माझा हात पायरीवरून निसटला. मी एक घोट पाणी प्यायले, किंचाळले, आणि मग ध्यानात आलं की मी बुडत नाहीये. डबे मला धरून होते. वहिनींचा तळवा पाठीखाली होता. वर विहिरीएवढं गोल आभाळ आणि त्यात आलेली कडुलिंबाची एक फांदी. कादंबऱ्या पिशवीतच होत्या, डोळ्यांवरची पट्टीही तिथंच. मला कशाचीच आठवण झाली नाही.

आठव्या दिवशी वहिनींनी एक डबा सोडवला. त्याच दिवशी माझ्या मुख्याध्यापकांना माझी आठवण झाली.

आमचे मुख्याध्यापक सज्जन आहेत. वरून कुठलीही माहिती मागवली की ती "आजच्या आज, अत्यंत तातडीची" असते, आणि ते बिचारे घाबरून सगळ्यांना फोन करतात. तीच माहिती आम्ही त्याआधी दोनदा दिलेली असते. माझा फोन आईच्या मांडीवर होता. तो वाजला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनवर ओरडून बोलते. त्यामुळे तिची बाजू मला पाण्यात पडल्या पडल्या नीट ऐकू आली.

"कोन? मॅडम? मॅडम न्हाईत. हिरीत हायेत."

मी मान वर करून हात हलवायला गेले आणि पाणी प्यायले.

"हिरीत! हिरीत! व्हय, तासभर झाला. आता वर येत न्हाई म्हन्ती."

एवढं बोलून तिनं भलतंच बटन दाबलं आणि फोन बंद पडला. "कोनतरी मास्तर व्हता," ती मला म्हणाली. "लई घाबरट दिसतो."

मी फोन घ्यायला वर गेले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण एक डबा सुटला होता, मला जमत होतं, आणि मुख्याध्यापकांना माहिती देण्यापेक्षा पाण्यात पडून राहणं बरं वाटत होतं. मी गेले नाही.

नंतर मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप वाचायला मिळाले. स्वतःच्या निधनाची बातमी शांतपणे वाचायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, "आपल्या शाळेच्या मॅडम विहिरीत आहेत, तासभर झाला, कृपया कुणी जवळ असल्यास जावे." चार मिनिटांनी एका सरांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. त्यानंतर "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली दोन फुलं. मग एकामागून एक श्रद्धांजल्या. एका बाईंनी लिहिलं, "स्वभावाने खूप छान होत्या." या बाई माझ्याशी दोन वर्षं बोलत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एकानं विचारलं होतं, "त्यांच्या वर्गाची माहिती भरायची राहिली आहे काय?"

इकडं विहिरीवर सगळं निवांत होतं. मग बांधावरून धावण्याचा आवाज आला. आधी दादा दिसला, अनवाणी, मागं पंधरावीस माणसं. कुणाकडे दोरखंड, दोघांनी मिळून एक बाज उचलून आणलेली. विहिरीतून माणूस वर काढायला बाजेला चार दोर बांधून खाली सोडतात. त्यामागं पोलीस पाटील, आणि पदर तोंडाला लावलेल्या सातआठ बाया. मुख्याध्यापकांनी हिंगोलीला नवऱ्याला कळवलं होतं, त्यानं दादाला फोन केला होता, आणि गावात बातमी फोनच्याही आधी पोचते.

मी त्या वेळी पाठीवर पडून होते. डोळे मिटलेले. वरून तसं बघणाऱ्याला काय वाटेल, हे मला आता कळतं.

दादा ओरडला, "अगं माय!" आणि काठावरून त्यानं उडी घेतली. तोच तो प्रसिद्ध सूर. तीस वर्षं आणि एक पोट मध्ये आल्यामुळे तो सूर राहिला नव्हता, पोतं पडावं तसा आवाज झाला. वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती, डोळे पांढरे झाले होते, आणि खिशातला मोबाइल विहिरीच्या तळाला निघून गेला होता. तो दोनदा खाली-वर झाला. वहिनींनी दोन हात मारले, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला पायरीवर आणून ठेवलं.

 बाज घेऊन आलेले दोघं बाज खाली ठेवायची विसरले. दादा खोकत होता आणि बायकोकडं बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं एवढं लक्ष देऊन बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"तुला पोवता येतं?" शेवटी तो म्हणाला.

"आधी श्वास घ्या," वहिनी म्हणाल्या.

मी वर चढून सगळ्यांना सांगितलं की मी पडलेले नाही, पोहायला शिकतेय. हे वाक्य मला पाच-सहा वेळा सांगावं लागलं आणि तरी कुणाला पटलं नाही. बायका जवळ आल्या, माझ्या ओल्या पाठीवरून हात फिरवून हळूच विचारू लागल्या. "घरी काही झालं का? नवरा पितो का? सांग, आमाला सांग." एका म्हातारीनं तर माझी समजूतही घातली, की लेकरासाठी तरी जगायला पाहिजे बाई. मला आधी हसू येत होतं. मग त्या म्हातारीच्या डोळ्यांत खरंच पाणी दिसलं आणि हसू गेलं. या गावानं विहिरीतून बाजेवर काढलेल्या बाया पाहिल्या होत्या. मीही लहान असताना एक पाहिली होती. बाई विहिरीत आहे, या वाक्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. ती मजेखातर गेली असेल, हे पोलीस पाटलापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणाच्या मनातही आलं नाही.

तासाभरानं नवरा मोटारसायकलवर येऊन पोचला. हेल्मेट नाही, पायांत दोन वेगळ्या चपला. मी अंगणात कोरड्या साडीत चहा पीत होते. तो समोर येऊन उभा राहिला. मग सगळे आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "मी काही बोललो होतो का तुला?"

"कधी?"

"आधी. मी पूर्ण रस्ताभर आठवत आलो. तू निघालीस त्या दिवशी मी म्हणालो होतो, तुमची काय मजा आहे. तेच असेल असं वाटलं."

मला टोमणा मारायचा होता, जिभेवर तयारही होता. पण त्याच्या पायांतल्या दोन वेगळ्या चपलांकडं माझं लक्ष गेलं आणि मी माझा कप त्याच्या हातात दिला. त्याला साखर लागत नाही, तरी तो सगळा गोड चहा प्यायला.

संध्याकाळी दादानं निकाल दिला. "झालं ते लई झालं. आता बंद. गावात शोभत न्हाई." ओल्या केसांचा माणूस शोभेबद्दल बोलतो, तेव्हा ऐकून घ्यावं. मी ऐकून घेतलं. आई म्हणाली, "मी तर आधीच म्हनत व्हते." वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या दोन वाजता," त्या म्हणाल्या, "तुमचा मोबाइल काढायला मला हिरीत उतरावंच लागंल. ताई येतील संगं."

 दादाला मोबाइल तर पाहिजेच होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाणी फार खोल आहे, वहिनी रोज घरी येऊन सांगायच्या. चवथ्या दिवशी सापडला, पण त्यात आता काही राम नव्हता. तोवर माझा दुसरा डबाही सुटला होता आणि दादानं विषय काढायचं सोडून दिलं होतं. त्याच आठवड्यात दोन बाया आल्या. एक नुसती पायरीवर पाय सोडून बसायची. दुसरी, जिनं मला लेकरासाठी जगायला सांगितलं होतं ती म्हातारी, आईशेजारी खुर्ची मांडून आम्हाला सूचना द्यायला लागली. विहिरीवर आता मार्गदर्शक तीन आणि विद्यार्थी एक, असं झालं. आमच्या खात्यासारखंच.

पाठीवर पडून राहणं वेगळं आणि विहीर ओलांडणं वेगळं. पायऱ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत वीसबावीस हात अंतर असेल. ते मला दहा दिवस जमलं नाही. मध्यावर पोचले की आपल्या खाली किती पाणी आहे ते आठवायचं, पाय जड व्हायचे आणि मी वहिनींना हाक मारायचे. त्या येऊन घेऊन जायच्या. कधी चिडल्या नाहीत, कधी शाब्बासही म्हटलं नाही.

शाळा उघडायला चार दिवस होते तेव्हाची गोष्ट. आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता, हवा दाटलेली. मी पाण्यात उतरले, पायरी सोडली आणि हात मारायला लागले. मध्य आला. वरून आई काहीतरी ओरडली, ते मला ऐकू आलं नाही. हात मारत राहिले आणि अचानक बोटांना दगड लागला. शेवाळलेला, गार. मी दोन्ही हातांनी तो धरला. मागं वळून पाहिलं तर पायऱ्या खूप लांब दिसत होत्या, आणि त्यांच्यावर वहिनी बसलेल्या होत्या. त्या पाण्यात उतरल्याच नव्हत्या. मी एकटीच गेले होते.

मला वाटलं आता तरी त्या काहीतरी म्हणतील. त्यांनी कोरडा पंचा खांद्यावर टाकला.

"पोचलात ना?" त्या म्हणाल्या. "मंग तिथं काहून थांबलात? या की माघारी."